छापखाना गोव्यात उतरला. धंदा कोठे उभा राहिला?

“६ सप्टेंबर १५५६ रोजी भारतातील पहिला छापखाना गोव्यात आला, पोर्तुगिजांनी तो खास आपल्यासाठी आणला, त्यावर मराठी पुस्तके छापली आणि येथूनच हा व्यवसाय देशभर पसरला,” असा मजकूर गोमंतकातील व्हॉट्सॲप-समूहांत फिरत असतो. तारखेबद्दल वाद नाही. उरलेली विधाने मात्र तशीच मान्य करण्याजोगी नाहीत.

‘खास आपल्यासाठी’ हे तर सरळच चूक आहे. ते यंत्र ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघालेल्या जेझुइट (कॅथलिक धर्मप्रसारक) मंडळींबरोबर होते. त्यांचे पुढे जाणे लांबले आणि यंत्र जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात राहिले, जेथे हुआन दे बुस्तामांते छपाई पाहू लागला.

‘मराठी पुस्तके छापली’ हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्याच्या साष्टीतील रायतूर येथे १६१६ मध्ये छापले गेले. त्याची भाषा मराठी, छंद ओवीचा, पण लिपी रोमी, म्हणजे रोमन. स्टीफन्स यांना देवनागरी हवी होती, परंतु तिला सुमारे ६०० साचे लागतील आणि रोमीचे काम २४ अक्षरांवर भागते, असे त्यांनीच १६०८ च्या पत्रात लिहिले होते. त्या काळी मोडी किंवा कंदवी (गोव्यातील जुनी लिपी) वाचणाऱ्या एखाद्या शेणव्याच्या हाती हे पुस्तक दिले असते, तर आपल्याच भाषेतील ओवी त्याला वाचता आली नसती. वाचकाच्या लिपीत खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, नसतील, तर गिऱ्हाईक तरी कोठून यावे?

साहजिकच धंदा असा उभा राहिलाच नाही. रायतूरचा छापखाना धर्मसंस्थेचा होता आणि तो मुख्यत्वे धर्माच्या कामासाठी चालत असे. १६७४ नंतर गोव्यातील छपाई जवळजवळ बंद पडली आणि १८२१ मध्ये ‘गझेटा द गोवा’ हे वृत्तपत्र निघाले तेही सरकारी छापखान्यातून.

‘येथूनच पसरला’ या विधानाला तर मराठीपुरता काहीच आधार नाही. बंगालमधील श्रीरामपूरला (सेरामपूर) मिशनरी विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांनी छापले गेले आणि ते खिळे बंगालातील पंचानन कर्मकारांच्या परंपरेतले होते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापून बाजार ओळखला. पंचांग घरोघर लागते आणि दरवर्षी नवे लागते, ही व्यापारी समज मोठीच म्हणायची. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी खिळे ओतण्याचे काम शिकले ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात.

गोव्याला अभिमानच बाळगायचा असेल, तर त्या मजकुरात नसलेली एक गोष्ट आहे: १५७८ मध्ये कोल्लमला छापल्या गेलेल्या तमिळ पुस्तकासाठी जे खिळे घडवले गेले, त्यांतील पहिले १५७७ मध्ये गोव्यातच ओतले होते.