‘चॅलेंज व्होट’ मागायला बूथवर जाऊ नका

निवडणूक जाहीर झाली की सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा आणि ‘कलम ४९ए’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर ‘टेंडर व्होट’ द्या. एखाद्या केंद्रावर टेंडर व्होट १४ टक्क्यांवर गेली की तिथे फेरमतदान. लोकसभेला हाच मेसेज फिरतो आणि पालिकेलाही, एक अक्षर न बदलता.

आधी ४९ए. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला हा नियम मतदान यंत्राची रचना कशी असावी ते सांगतो. यादीत नाव नसलेल्याला मत देऊ द्या, असं त्यात काहीच नाही. उलट १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ स्पष्ट आहे: यादीत नाव नाही, तर मत नाही. आधार, पासपोर्ट, अगदी मतदार ओळखपत्र हातात असलं तरी नाही. ही कागदपत्रं तुम्ही कोण ते सांगतात, एवढंच. शिवाय हे नियम लोकसभा-विधानसभेचे. मुंबई पालिकेची निवडणूक १८८८च्या वेगळ्या कायद्याखाली, राज्य निवडणूक आयोग घेतो.

‘चॅलेंज’ नियमात आहे, पण ४९जे मध्ये, आणि ते मतदाराने मागायचं नसतंच. उमेदवाराचा पोलिंग एजंट दोन रुपये भरून तुमच्या ओळखीवर हरकत घेतो आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. हरकत खरी ठरली तर समोरचा थेट पोलिसांच्या ताब्यात. हे मागायला कोण जाईल?

टेंडर व्होट मात्र खरं आहे, म्हणूनच बाकीचा मेसेजही लोकांना खरा वाटतो. यादीत नाव आहे, पण तुमच्या आधीच कुणी तुमच्या नावावर मत देऊन गेलंय, तर ४९पी नियमाने केंद्राध्यक्ष ओळखीचे प्रश्न विचारतात आणि समाधान झालं की छापील मतपत्रिका देतात. यंत्राचं बटण दाबता येत नाही. ही मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. तिचं काम पडलं तर कोर्टात. २००८ साली राजस्थानात विधानसभेला नाथद्वाऱ्याहून काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा टेंडर व्होटांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा तुमच्यावर अशी वेळ आली तर हा हक्क जरूर बजावा.

१४ टक्के हा आकडा कुठून आला देव जाणे. फेरमतदानाची कारणं १९५१च्याच कायद्याच्या कलम ५८ आणि ५८ए मध्ये आहेत: यंत्र बिघडणं, मतपेटी किंवा यंत्राची नासधूस, प्रक्रियेतली गंभीर चूक, केंद्र बळकावणं. टेंडर व्होटांची टक्केवारी त्यात नाही.

मुंबईत नावं गळतात ती बरेचदा घर बदलल्यामुळे. चाळ पाडली, माणसं संक्रमण शिबिरात किंवा भाड्याने विरारला गेली. बीएलओ (मतदार यादीचं काम पाहणारा केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला आला तर दारच जागेवर नाही! अशांनी नमुना ८ भरून पत्ता बदलून घ्यावा, मतदारसंघ बदलला असला तरी तोच. नवीन नाव नमुना ६ने. भाडेकरूला घरमालकाचं किंवा सेक्रेटरीचं ना-हरकत पत्र लागत नाही. आणि गावच्या यादीतलं नाव ‘असू दे तिकडे’ म्हणून ठेवायचं नसतं. दोन ठिकाणी नोंद चालत नाही, आणि त्यासाठी जाणूनबुजून खोटं लिहून दिलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

हे सगळं वेळेत व्हायला हवं. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. पालिकेला तर त्याहून आधी, कारण राज्य आयोग स्वतः नवी नावं घालत नाही; एका ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागवार फोडतो. १५ जानेवारी २०२६च्या मतदानाला १ जुलै २०२५ची यादी धरली होती. त्यामुळे ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुलामुलींना नगरसेवक निवडता आला नाही, मग त्यांनी बूथवर कोणतंही कलम दाखवलं असतं तरी.