मथळ्याचं तेवढं बघा

लेख लिहून होतो, जीव जातो तो मथळ्यापायी. आमच्या गावात एकही स्मरणिका माझा लेख घेतल्याशिवाय छापखान्यात जात नाही, आणि प्रत्येक समितीचं म्हणणं एकच: "सर, विषय तुमचा, पण मथळ्यात आपलं काहीतरी आलं पाहिजे." दंतवैद्यांच्या संमेलनासाठी मी पावसावर लिहिलं आणि वर 'दंतकथा' असं ठोकून दिलं. पतपेढीच्या रौप्यमहोत्सवात तोच पाऊस 'मुदत ठेव' झाला. कोणी हूं की चूं केलं नाही. स्मरणिका वाचायची असते असं कुठे आहे?

संगीतकार योहान स्ट्राऊस धाकटा याच्या वॉल्ट्झची, म्हणजे जोडीनं गिरक्या घ्यायच्या नाचाच्या संगीताची, यादी चाळल्यापासून मात्र मी मानधन ताठ मानेनं मागतो. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, कार्निव्हलचा मोसम आला की वकील, डॉक्टर, इंजिनिअर, पत्रकार, सगळ्यांचे आपापले नाचाचे जलसे. प्रत्येकाला नवा कोरा वॉल्ट्झ हवा आणि नावात आपला धंदा दिसायला हवा. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना १८६० साली त्यानं 'त्वरण' दिलं. हा वॉल्ट्झ खरंच हळू सुरू होऊन वेग घेतो, म्हणजे गडी निदान प्रामाणिक! वैद्यकीच्या पोरांना 'झटके'. याच पोरांना पुढे त्याचा भाऊ योझेफनं 'वात' दिला, भ्रमाचा, तापातला. बाहेर जोडपी गिरक्या घेतायत आणि कार्यक्रमपत्रिकेवर रोगाचं नाव!

पत्रकार तर सगळ्यांचे बाप. १८६४ साली त्यांच्या 'कॉन्कॉर्डिया' संघानं एक वॉल्ट्झ पॅरिसच्या ओफेनबाख या संगीतकाराकडून घेतला, एक स्ट्राऊसकडून, आणि नावं स्वतःच ठेवली: ओफेनबाखचा 'सांजपत्रं', स्ट्राऊसचा 'सकाळची पत्रं'. त्या रात्री सांजपत्रांनी बाजी मारली म्हणतात. आज वाजतात ती सकाळची.

माझा जीव खरा जडलाय तो या योझेफवर. माणूस इंजिनिअर, रस्ते झाडायच्या यंत्राचा आराखडा केलेला. १८५३ मध्ये थोरला भाऊ योहान आजारी पडला आणि घरच्यांनी याला वाद्यवृंदापुढे उभं केलं. एक वॉल्ट्झ लिहायचा, कर्तव्य उरकायचं आणि परत यंत्राकडे जायचं, म्हणून त्यानं नाव दिलं 'पहिले आणि शेवटचे'. मग थोड्याच काळात दुसरा लिहावा लागला, त्याचं नाव 'शेवटच्यानंतरचे पहिले'. पुढे पावणेतीनशेच्या वर रचना झाल्या. यंत्राचं राहिलंच.

नावावरून प्रकाशकाची अक्कल चालते तेव्हा तर बघायलाच नको. १८८९ साली ऑस्ट्रियाचा आणि जर्मनीचा सम्राट यांच्या दोस्तीवर योहाननं 'हातात हात' लिहिला. प्रकाशक झिमरॉकनं सुचवलं, 'सम्राट वॉल्ट्झ' म्हणा. कुठला सम्राट ते लिहायचंच नाही! दोघांनाही वाटावं, आपलाच. आमच्या समित्यांत असा एक माणूस असता तर दोन अध्यक्षांचे फोटो एकाच पानावर मावले असते.

पियानोसाठी लिहिणारा संगीतकार शोपाँ या बाबतीत सुखी. वर नुसतं 'वॉल्ट्झ' लिहायचा आणि मोकळा व्हायचा. पण लोकांना चैन पडतंय थोडंच? एका वॉल्ट्झला त्यांनी कुत्र्याच्या पिल्लाचं नाव चिकटवलं, कारण म्हणे त्याच्या मैत्रिणीचा, लेखिका जॉर्ज सांदचा कुत्रा शेपटीमागे गोल फिरायचा.

सगळ्यांवर कडी 'सुंदर निळ्या डॅन्यूबकाठी'ची. १८६७ मध्ये पुरुषांच्या गायनमंडळासाठी योहाननं हा वॉल्ट्झ लिहिला. आदल्या वर्षी प्रशियानं ऑस्ट्रियाला लोळवलेलं, व्हिएन्ना मान खाली घालून बसलेली. मंडळाच्याच योझेफ वाइलनं शब्द लिहिले ते थट्टेचे, 'हसा रे, कशाला रडता' या चालीचे. त्यात डॅन्यूब नदीचा पत्ता नाही. नाव आलं कार्ल बेकच्या कवितेतून. नदी त्या रंगाची आहे का, हे काठावर जाऊन बघायच्या फंदात कोणी पडलं नाही. वीस-बावीस वर्षांनी गेर्नेर्ट नावाच्या गृहस्थानं नवे शब्द लिहिले, तेव्हा कुठे गाण्यात डॅन्यूब आली, आणि तीही निळी.