करून राहिली

सोमवारच्या कॉलवर पुण्याच्या टीमलीडनं विचारलं, "रिपोर्ट झाला का?" मी आपली सहज बोलून गेली, "करून राहिली."

तिकडे दोन सेकंद शांतता. मग, "राहिला? अगं, मग शुक्रवारीच सांगायचं ना राहिला म्हणून!" आणि गडी लगेच ग्रुपवर 'रिपोर्ट पेंडिंग' टाकून मोकळा. इकडे माझ्या स्क्रीनवर शेवटची शीट उघडी, फक्त टोटल जुळवायची होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नागपुरात 'करून राहिली' म्हणजे 'करते आहे'. काम राहिलेलं नसतं, हात त्यातच असतात.

कॉल संपल्यावर शेजारच्या खुर्चीवरचा उमरेडचा पोरगा म्हणे, "तू त्यांच्याशी 'करतेय' बोलत जा न बे, काऊन डोक्याला ताप." तो तसंच करतो. हेडफोन चढवला की 'बघतोय, पाठवतोय', काढला की "चाल, तर्री पोहे खाऊन येऊ". त्याला काय हसू, मीही तेच करते. सकाळी जयप्रकाश नगरला मेट्रोत चढते तेव्हा एक जीभ असते, खापरीला उतरेपर्यंत दुसरी झालेली असते. संध्याकाळी परत पहिली. ही पोस्टसुद्धा बघा, बरीचशी 'शुद्ध'च लिहून राहिली.

आमच्याकडे बायका 'मी गेली, मी आली' म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकात 'मी गेले, मी आले' आहे, आणि दहावीला तसंच लिहून मी मार्क घेतलेत. पहिल्या नोकरीत ट्रेनिंगच्या मॅडमनी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं, तेही मी गिळलं. पण नंतर त्या हसून म्हणाल्या, "गोड आहे गं तुमची भाषा." तुमची म्हणजे? मी त्यांच्याशी मराठीतच बोलत होती ना?

आणि ते 'हिंदीमुळे बिघडलं तुमचं मराठी' तर विचारूच नका. हिंदीचा शेजार आहे, नाही कोण म्हणते? हे शहर 1956 पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी होतं. कचेरीत दोन्ही, बाजारात दोन्ही. इतकी वर्षं शेजारी राहिल्यावर वाटी-दोन वाटी साखर इकडून तिकडे जाणारच. पण घर आमचंच आहे. मराठीतला पहिला गद्यग्रंथ मानतात ते लीळाचरित्र म्हाइंभटांनी सिद्ध केलं ते रिद्धपूरला, तेराव्या शतकात. रिद्धपूर कुठे? अमरावती जिल्ह्यात. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यात आधी फुलं कोणी टाकली असतील? त्याच टीमलीडनं. मी पण अंगठा दिला, काय करता.

खरा दचका मात्र घरून बसला. मी मूळ हिंगणघाटची, आईचा फोन रात्री साडेनऊचा ठरलेला.

"काय करून राहिली वं?"

"जेवतेय."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग हळूच, "कोन बोलते?"

आई गंमत करत होती की खरंच विचारत होती, हे मी अजून विचारलेलं नाही.

आता उलट बाजू. माझी रूममेट साताऱ्याची, बदली होऊन इथे आलेली. पहिल्याच आठवड्यात तिला म्हटलं, भाजीवाल्याकडून दहाचा सांबार घेऊन ये. ती भाजीवाला सोडून दोन हॉटेलं फिरली, डबा घेऊन! आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तिला कोण सांगणार? परत आली तेव्हा डब्यात खरंच इडलीवालं सांबार होतं. त्या दिवशी वरणावर कोथिंबीर नव्हती, पण सांबार मात्र दोघींनी पोटभर प्यायलं.

मग मे आला. नागपूरचा मे, पंचेचाळीसच्या पुढचा. तिचा कूलरशी हा पहिलाच संबंध. सातारकर पोरगी खिडकीला लावलेल्या त्या पत्र्याच्या खोक्याकडे आधी संशयानं बघायची. आता गवत ओलं झाल्याचा वास आला की डोळे मिटून बसते. पाणी भरायच्या पाळ्या तिनंच लावल्यात, आणि माझी पाळी ती कधी विसरत नाही.

परवा मी हेच सगळं टाइप करत बसली होती तर आतून ओरडली, "अगं, कूलरमध्ये पाणी टाकून राहिलीस का?"

राहिलीस! क्रियापद आमचं, शेपटीचा 'स' तिचा. दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि त्या ट्रेनिंगच्या मॅडम आठवल्या. गपचूप बादली उचलली.