शिध्याच्या पिशवीतील पत्रक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या सभासद-समुदायांच्या, सेवाकार्यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनःपूर्वक आभार. आपले दोन आक्षेप आहेत. शाळा, दवाखाना किंवा पूरग्रस्तांना दिलेला शिधा यांमागे धर्मांतराचा हेतू असल्याने त्याला सेवा म्हणता येणार नाही, हा पहिला. मी ज्याचा गौरव केला ते काम शंभर वर्षांपूर्वीचे असून आजचे चर्च म्हणजे रविवारी उघडणारे आणि नाताळात केक वाटणारे आवार आहे, हा दुसरा. मी याच शहरातील एका मंडळीचा सभासद आहे आणि काही वर्षे तिचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळावरही होतो. आपला पहिला आक्षेप मला अंशतः मान्य आहे; दुसरा त्याहून बराच अधिक मान्य आहे.

अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले ते सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, सांगण्यासाठीच आले, आणि त्यांनी ते कोणापासून लपवले नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वान्लेस १८८९ मध्ये या भागात आले, १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले, आणि तेथेही प्रार्थना होत असत. मात्र शस्त्रक्रियेसाठी बाप्तिस्म्याची अट नव्हती. कोल्हापूर ते मिरज रेल्वे १८९१ मध्येच सुरू झालेली असल्याने आपल्या शहरातील रुग्णांनाही ते रुग्णालय जवळचे झाले. आज पावणेदोनशे वर्षांनंतर जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे ज्यांनी ही सेवा घेतली, त्यांतील फार मोठ्या संख्येने लोक शिकले, बरे झाले आणि आपापल्या धर्मात राहिले. आणखी एक गोष्ट आपण विचारात घ्यावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि पुढील दुरुस्त्यांनंतर शीख व बौद्धांनाही मिळतो, ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाही. अशा कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला की त्या दर्जाच्या सवलती जातात. आमच्या मंडळीत अशी घरे आहेत. त्यांच्या श्रद्धेला लालूच म्हटले जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

तरीही आपल्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये उमगले. पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते, चिखली आणि आंबेवाडी ही जवळची गावे पाण्याने वेढली होती, आणि आमच्या सभागृहात तांदूळ, डाळ, तेल, मेणबत्त्या यांच्या पिशव्या भरण्याचे काम चालू होते. पिशवीत सुवार्तेचे एक पत्रक घालावे काय, असा प्रश्न निघाला. एका ज्येष्ठ पंचांचे म्हणणे असे होते, की आपण कोणाच्या नावाने देतो हे लपवणे हाही एक प्रकारचा खोटेपणाच आहे. त्यावर आमच्या महिला मंडळातील एक भगिनी म्हणाल्या, की ज्याच्या घरात पाणी आहे तो माणूस पिशवी नाकारू शकत नाही, म्हणून पत्रकही नाकारू शकत नाही; आणि ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक नाही त्याला सुवार्ता सांगितली असे होत नाही. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी पत्रक घातले गेले नाही. त्या भगिनींनी त्या दिवशी आखलेली रेषा मला आजही योग्य वाटते. ती सर्वच मंडळ्या पाळतात असे मी म्हणणार नाही. जेथे ती पाळली जात नाही, तेथे आपला आक्षेप खरा आहे.

आता दुसरा आक्षेप. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा दोन वर्षांपूर्वी आपण ज्या घरांत गेलो होतो तेथे आधी फोन करावा असे कोणीतरी सुचवले. एकाही घराचे नाव किंवा क्रमांक आमच्याकडे नव्हता. किती पिशव्या वाटल्या याची नोंद मात्र वहीत व्यवस्थित होती. त्या दोन वर्षांत आमच्यापैकी कोणी त्या गल्ल्यांत पुन्हा गेले नव्हते.

यामागचे कारण मला असे दिसते, की मिशनने उभ्या केलेल्या शाळा आणि रुग्णालये यांच्या सावलीत आमच्या मंडळ्या वाढल्या. शिकवण्याचे काम शाळेकडे, शुश्रूषेचे रुग्णालयाकडे, आणि आमच्याकडे रविवारची उपासना आणि अर्पण, अशी वाटणी कोणी ठरवून केली नाही, पण ती होऊन बसली. त्या संस्थांनी फार मोठे काम केले. परंतु शेजाऱ्याच्या दारात जाणे हे संस्थेचे काम नसते. ते सभासदाने स्वतः करावे लागते, आणि ती सवय आमच्यात राहिली नाही. हे माझ्या लेखात यायला हवे होते. ते आले नाही, ही त्या लेखातील उणीव आहे.

२०२१ नंतर थोडा फरक पडला. त्या वेळी पिशव्या कमी आणि फावडी जास्त नेली, कारण पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढायला माणसे लागतात. आमच्या दोन निवृत्त शिक्षकांनी पंचनाम्याच्या कागदपत्रांसाठी लोकांना मदत केली. आता एक वही आहे, तीत कुटुंबांची नावे आहेत, आणि पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घरी फोन जातो. काही भगिनी आठवड्यातून एकदा सीपीआर या शहरातील सरकारी रुग्णालयात जातात. गगनबावडा, शाहूवाडीकडून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना भाकरी-भाजी देतात आणि त्यांच्याजवळ थोडा वेळ बसतात. हे काम लहान आहे.

सहा दिवस सभागृहाला कुलूप का, या आपल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. हे वसतिगृहांचे शहर आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने येथे समाजासमाजांची वसतिगृहे उभी राहिली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही होते. त्या शहरात आमचे सभागृह रिकामे राहते, हे मलाही खटकते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी, कोणत्याही धर्माच्या, तेथे अभ्यासिका चालवावी असा प्रस्ताव मी पंचमंडळासमोर मांडला आहे. वीजबिल आणि रात्रीचा राखणदार या दोन गोष्टींवर तो अडला आहे. पुढील बैठकीत तो पुन्हा येईल, आणि त्या वेळी आपली प्रतिक्रिया मी तेथे वाचून दाखवणार आहे.