‘भीतीने त्याला मोठं केलं’ म्हणे!

‘अपयशाची भीती हेच यशाचं इंधन’ असं सांगणारा एक मजकूर हल्ली जो तो पुढे ढकलतो आहे. दाखला ओकोन्क्वोचा, म्हणजे चिनुआ अचेबेच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या नायजेरियातल्या इग्बो समाजावरच्या कादंबरीच्या नायकाचा. म्हणणं असं: भीतीने त्याला वर नेलं, इकेमेफुनाला, म्हणजे दुसऱ्या गावाने ओलीस दिलेल्या आणि त्याच्या घरी वाढलेल्या पोराला, त्याने मारलं ते देवाच्या आज्ञेने, आणि ओकोन्क्वोला पाडलं गोऱ्यांनी.

भीतीने वर नेलं, हे निम्मं खरं. बाप उनोका कर्जबाजारी, बासरीत रमलेला. खेळता खेळता एका पोराने त्याला ‘अगबाला’ म्हटलं. बाईला आणि एकही मानाची पदवी न मिळवलेल्या पुरुषाला तिकडे हाच शब्द. तो ओकोन्क्वोच्या जिव्हारी लागला आणि तो राबला, अगदी बेफाम राबला. पण पेरायला बेणं कुठून आलं? वारशात यामचा एक कंदही नव्हता. गावातल्या श्रीमंत न्वाकिबियेकडे बेणं मागायला जाताना त्याला चारशेची आशा होती, त्या भल्या माणसाने आठशे दिले. पुढे दुष्काळात ओकोन्क्वोची स्वतःची आधीची लागवड करपली, हाताशी उरलं ते हे उसनं बेणं. आणि गंमत बघा, त्या सालातून तगल्याचं श्रेय त्याने स्वतःच्या न वाकणाऱ्या मनाला दिलं. आपले मजकूरकर्तेही नेमकं तेच करतात.

दुसरा मुद्दा मला सर्वांत खटकतो. इकेमेफुनाला मारावं हा देवाचा कौल होता, कबूल. पण वार तूच कर, असं कुणी म्हटलं होतं? म्हातारा एझेउडू मुद्दाम घरी येऊन बजावून गेला होता की, पोर तुला बाप म्हणतं, त्याच्या मरणात हात घालू नकोस. मित्र ओबिएरिका तर गेलाच नाही, आणि त्याला कुणी भेकड ठरवलं नाही. ओकोन्क्वो मात्र गेला. रानवाटेवर पहिला वार दुसऱ्याने केला, पोराच्या डोक्यावरचं ताडीचं मडकं खाली फुटलं, आणि बापाला हाक मारत ते त्याच्याकडेच धावलं. तेव्हा त्याने कोयता उपसला. का, ते अचेबेने सरळ लिहून ठेवलंय: लोक आपल्याला दुबळा म्हणतील, ही भीती. तीन वर्षं घरात वाढलेलं पोर होतं ते. पुढे मुलगा न्वोये घर सोडून मिशनऱ्यांकडे गेला, त्याची पहिली चीर इथे पडली.

गोऱ्यांचं काय? त्यांचा जुलूम खराच आहे. त्यावर पांघरूण घालायचं मला कारण नाही. एझेउडूच्या अंत्यविधीत ओकोन्क्वोची बंदूक फुटून सोळा वर्षांचा मुलगा मेला आणि ओकोन्क्वोला सात वर्षं परागंदा व्हावं लागलं, तो मात्र निव्वळ अपघात. त्यात ना भीती, ना गोरे. परतल्यावर त्याने गावची सभा थांबवायला आलेल्या, गोऱ्यांच्या कोर्टाच्या शिपायाचं मुंडकं उडवलं. बाकीचे शिपाई निसटले, गावकऱ्यांनी त्यांना निसटू दिलं, आणि ‘याने असं का केलं?’ अशी कुजबुज त्याच्या कानावर आली. गाव लढणार नाही हे कळल्यावर त्याने गळफास घेतला.

आत्महत्या तिथे महापातक, म्हणून भाऊबंद त्याच्या प्रेताला हातही लावू शकत नव्हते. पुरायला परके लागले. उनोकालाही अंग सुजल्यावर, तेही तिथे पातकच म्हणून, अपवित्र रानात नेऊन टाकलं होतं. त्याने निदान जाताना आपली बासरी बरोबर घेतली होती.