एमसीबी पडत नाही, म्हणून वायरिंग ठणठणीत?

जुन्या घरांच्या वायरिंगबद्दल एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: तांबं कधी म्हातारं होत नाही, तेव्हा 'वायरिंग बदला' म्हणणारा वायरमन तुम्हाला लुबाडतोय. फ्यूज काढा, एमसीबी (ठरावीक अँपिअरच्या वर करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) बसवा, विषय संपला. एमसीबी सारखा पडत असेल तर वरच्या नंबरचा लावा. अर्थिंग नसेल तर सॉकेटमध्येच अर्थच्या पिनपासून न्यूट्रलला (करंट परत नेणाऱ्या तारेला) वायरचा तुकडा जोडा. आणि एलईडीमुळे लोड तसाही घटलाय, मग काळजी कसली?

मी हीच कामं करतो, त्यामुळे लुबाडण्याचा आरोप माझ्यावरही आहे असं समजून लिहितोय.

तांब्याचं म्हणणं खरं आहे. तांबं टिकतं, टिकत नाही ते त्यावरचं आवरण. जुन्या घरांत रबरावर सुती वीण असलेल्या वायरी अजूनही निघतात. बल्बच्या होल्डरजवळ, जिथे वर्षानुवर्षं धग लागली, तिथे वायर जरा वाकवली की रबराचा चुरा गळून पडतो आणि उघडी तार हातात राहते. नंतर आलेली साधी पीव्हीसी वायर 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. त्याच्यावर सतत आठ-दहा अंश जास्त तापत राहिली तर आयुष्य निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. भिंतीत निवांत पडून असेपर्यंत अशी वायर काही बोलत नाही. नवा पंखा लावताना कुणी ती ओढली, की बोलते.

आवरणाची तब्येत नुसत्या नजरेनं कळत नाही. त्यासाठी मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजणारं यंत्र लागतं. सप्लाय बंद करायचा, उपकरणं सोडवायची, 500 व्होल्ट डीसी देऊन वायर आणि अर्थ यांच्यामधला रोध बघायचा. 1 मेगाओहमच्या खाली आला तर दोष शोधायचा आणि ती लाइन बदलायची. तेव्हा 'सगळं बदला' म्हणणाऱ्याकडे मेगरचे आकडे मागा. लुबाडणारा तिथेच उघडा पडेल.

आता एमसीबी. तो वायरला वाचवतो, माणसाला नाही. 16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअरपर्यंत हूं की चूं करणार नाही. माणसाचं काम त्याच्या कितीतरी खाली आटोपतं. चार्ल्स डाल्झील या अमेरिकी प्राध्यापकांनी प्रयोग करून मोजलं होतं: सरासरी 16 मिलिअँपिअरच्या पुढे पुरुषाला हातातली तार सोडता येत नाही, बाईला साडेदहाच्या पुढे. आपण 'विजेनं पकडून ठेवलं' म्हणतो ते हेच. याच डाल्झील यांनी 1961 मध्ये गळती पकडून सप्लाय तोडणारं उपकरण बनवलं. आज घरात लावतो तो आरसीसीबीही तेच काम करतो: फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं पुरता परत आला का, एवढंच बघतो. फरक 30 मिलिअँपिअरवर पोचायच्या आत सप्लाय बंद. म्हणजे 16 अँपिअरच्या पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी. एमसीबीच्या हिशेबात ही गळती नसतेच.

एमसीबीला आणखी एक गोष्ट दिसत नाही, आणि जुन्या घरात तीच जास्त सापडते: सैल जॉइंट. एका घरी गिझरचा सॉकेट बघायला गेलो होतो. तक्रार फक्त 'कधीकधी वास येतो' एवढीच. पाणी तापत होतं, एमसीबी गपगार. प्लग उपसला तर एका भोकाभोवती तपकिरी कडं. सॉकेट उघडला, तर न्यूट्रलचा स्क्रू नुसत्या बोटानं फिरत होता. 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. अशा जॉइंटमध्ये ओहमचा तिसरा हिस्सा एवढा रोध आला, तरी तिथे 25 वॉटची उष्णता तयार होते. छोटा सोल्डरिंग आयर्न तेवढाच असतो, आणि तो रोज सकाळी स्क्रूच्या बुडाशी तापत ठेवला होता असं समजा. करंट मात्र वाढत नाही, उलट किंचित घटतो. मग एमसीबी पडणार कशाला? ॲल्युमिनियमची वायर तांब्याला नुसता पीळ देऊन जोडलेली असेल, तर असा जॉइंट आज ना उद्या होणारच.

वरच्या नंबरचा एमसीबी लावण्याबद्दल फार लिहायला नको. दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या) वायरवर 32 अँपिअरचा एमसीबी लावला की भिंतीतली वायर स्वतःच फ्यूज होते. 16 चा एमसीबी तसाही कडक नसतो. 18 अँपिअर तो तासभर सहज सोसतो. तरीही पडत असेल, तर लोड जास्त आहे किंवा कुठेतरी दोष आहे.

न्यूट्रलला तुकडा जोडण्याचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. मागे कुठेतरी न्यूट्रल सुटला, की उपकरणातून गेलेला फेज त्या तुकड्यातून थेट बॉडीवर येतो. फ्रिज बंद पडतो, दिवे जातात. घरातलं माणूस 'काय झालं' म्हणून बघायला जातं आणि पहिला हात फ्रिजच्या दारावर ठेवतं.

एलईडीचा हिशेब अगदी बरोबर आहे, फक्त अर्धवट. 60 वॉटच्या जागी 9 वॉटचा दिवा आला. असे चाळीस दिवे बदलून जेवढं वाचेल, तेवढं एकटा गिझर परत ओढतो. वर एसी आणि इंडक्शन वेगळेच.

एकदम सगळं करायचा खर्च झेपत नसेल तर आधी अर्थिंग आणि आरसीसीबी करा, मग गिझर आणि एसीला बोर्डापासून स्वतंत्र लाइन टाका, बाकीच्या खोल्या सवडीनं. वायरी पाइपातून गेल्या असतील तर बहुतेक वेळा भिंत न फोडता नव्या ओढता येतात.

एक मात्र होऊ शकतं. जुन्या घरात दोन लाइनींचे न्यूट्रल कुणीतरी कधीतरी एकत्र केलेले असले, तर आरसीसीबी लावल्या लावल्या पडायला लागू शकतो. मग नवा मेसेज येईल की आरसीसीबी भिकार असतो, काढून टाका. काढू नका, वायरमनला न्यूट्रल वेगळे करायला लावा. आणि अधूनमधून त्यावरचं 'टी'चं (टेस्टचं) बटण दाबून बघा. दाबूनही तो पडला नाही, तर बदला.