‘इम्प्रूव्ह इंग्लिश’

परवा एका पोरीच्या ॲब्स्ट्रॅक्टवर, म्हणजे कॉन्फरन्सला पाठवायच्या संशोधनाच्या गोषवाऱ्यावर, तिच्या गाईड सरांचा लाल पेनाने शेरा आला: ‘इम्प्रूव्ह इंग्लिश’. 250 शब्दांच्या मजकुरावर एवढे दोनच शब्द. कुठलं वाक्य चुकलं ते विचारायचं नाही, सर मीटिंगमध्ये आहेत. तेव्हा इंग्लिश आता आपणच सुधारू या. मराठी माध्यमातून आलेले, पीएच.डी.ला नाव घातलेले आणि रात्री 11:59 ला लिंक बंद होणार म्हणून घामाघूम झालेले, अशा सगळ्यांसाठी ही खात्रीची पद्धत.

समजा, तुम्ही 40 विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासलंत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. तुमच्या 23 विहिरी पावसाळ्यानंतर त्या रेषेच्या वर निघाल्या. दोन वर्षं उन्हातान्हात बाटल्या वाहून हाती लागलं ते हे 23. आता हे 23 कुणाच्या नजरेस पडू नयेत, अशी व्यवस्था करायची.

सुरुवात ‘इन टुडेज एरा ऑफ ग्लोबलायझेशन’नेच करा. विहिरीचा आणि जागतिकीकरणाचा काय संबंध, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. मग ‘वॉटर इज लाइफ’. मग वाढती लोकसंख्या, औद्योगिकीकरण, शहरीकरण. काही नतद्रष्ट लोक 250 शब्दांची वाटणी अशी करतात: पार्श्वभूमीला 40, उद्देशाला 25, पद्धतीला 60, हाती काय आलं त्याला 90 आणि निष्कर्षाला 35. तुम्ही पार्श्वभूमीलाच 180 द्या. वाचणारा दमला की पुढचं बघत नाही.

वाक्य मराठीत बांधा आणि तसंच्या तसं पलीकडे नेऊन ठेवा. आपल्याकडे ‘विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटच्या प्रमाणातील बदलाच्या कारणांचा अभ्यास’ अशी चा-ची-च्याची आगगाडी सहज धावते. इंग्रजीत तिला प्रत्येक डब्यामागे एक ‘ऑफ’ जोडा, पाच-सहा झाले की वाचणाऱ्याला सुरुवातीचा डबा आठवत नाही. शासकीय परिपत्रकातलं ‘करण्यात आले’ही सोडू नका. ‘नमुने गोळा करण्यात आले’ म्हणजे ‘कलेक्शन ऑफ सॅम्पल्स वॉज डन’. ‘वी कलेक्टेड’ लिहिलंत तर काम तुम्ही केलंत हे उघड होईल. आणि ‘केलं आहे’ला सगळीकडे ‘हॅज बीन’. पद्धत आणि मोजमापं साध्या भूतकाळात असतात, निष्कर्ष वर्तमानकाळात, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपणही कुणाला सांगायचं नाही.

‘रिसर्चेस’, ‘इक्विपमेंट्स’, ‘इन्फॉर्मेशन्स’: अनेकवचनाला पैसे पडत नाहीत.

‘सिग्निफिकंट’, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही, हा शब्द सढळ हाताने वापरा. कुठली संख्याशास्त्रीय टेस्ट लावली, तिचा पी व्हॅल्यू नावाचा आकडा किती, हे ज्याचं त्याने ओळखावं.

‘अ’ आणि ‘द’ची काळजी मात्र रात्रभर करा. मराठीत ही जात नाही, त्यामुळे ती आपल्याला जन्मभर छळणार. पहिल्यांदा आली ती ‘अ वेल’, पुन्हा तीच आली की ‘द वेल’, आणि नायट्रेटसारख्या न मोजता येणाऱ्या पदार्थाला सर्वसाधारण अर्थाने काहीच नाही. एवढ्यावर बहुतेक काम भागतं. पण तुम्ही ‘द’ मोजत बसा, म्हणजे आकडा राहिला हे लक्षात यायला वेळ उरणार नाही.

आता मुख्य कृती. डिपार्टमेंटमध्ये कुणीतरी सांगेल, ‘प्लॅजरिझम दहाच्या आत पाहिजे.’ म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर. दहा कशाचे, विचारू नका. मजकूर शब्दबदल करणाऱ्या फुकट वेबसाइटवर टाका, बटण दाबा. ही जुळणी पकडणारं सॉफ्टवेअर सलग जुळणारे शब्द शोधतं, म्हणून वेबसाइट दिसेल तो शब्द फिरवते. पारिभाषिक संज्ञा कुठली आणि साधा शब्द कुठला, हे तिला कळत नाही. अशा यंत्रांनी ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ केलं, ‘बिग डेटा’चा ‘कोलॉसल इन्फॉर्मेशन’ केला आणि स्तनाच्या कर्करोगाचं, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं, ‘बुझम पेरिल’! हे छापून आलेलं आहे, जर्नलांत. 2021 मध्ये संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असले शब्द गोळा करून त्यांना ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’, म्हणजे छळ करून वाकवलेले शब्द, असं नाव दिलं. तेव्हापासून हे शब्द शोधून शोधून पेपर मागे घेतले जातात. दहा टक्के वाचवायला गेलेला पोरगा पेपर घालवून बसतो. आणि कशासाठी? यूजीसीचे 2018 चे नियम उघडून बघा. सर्वसामान्य संज्ञा, कायदे, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं तपासणीतून वगळायची असतात. संदर्भसूचीही वगळायची असते. योगायोगाने सलग 14 शब्दांपर्यंत जुळले तर तेही धरायचे नाहीत. म्हणजे ‘नायट्रेट कॉन्संट्रेशन इन ग्राउंडवॉटर’ हे चार शब्द जगातल्या हजार पेपरांत असले तरी तुमच्या केसालाही धक्का लागत नाही! ते बदलून ‘नायट्रेट फोकस इन अंडरग्राउंड लिक्विड’ करायला कुणी सांगितलं? रिपोर्टवर सही करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो नियम उघडलाय? सेटिंगमध्ये संदर्भसूची वगळायची खूण असते. ती न करता काढलेला 27 टक्क्यांचा रिपोर्ट पोराच्या तोंडावर मारतात आणि वर म्हणतात, ‘रीफ्रेज कर.’

असो. शांतपणे पुढे.

तेही नको असेल तर एआय आहेच. 2024 मधल्या बायोमेडिकल ॲब्स्ट्रॅक्टांपैकी किमान 13.5 टक्क्यांवर त्याचा हात फिरला, असा अंदाज एका अभ्यासाने शब्दांच्या वापरावरून बांधला. ‘डेल्व्हज’ हा शब्द तेव्हा कांद्याच्या भावासारखा वर गेला होता. एआय व्याकरण चोख करून देतं, ‘द’सुद्धा जागच्या जागी. फक्त तुमच्या 23 विहिरींचं ‘अ कन्सिडरेबल प्रपोर्शन ऑफ वेल्स’ होतं आणि मोसम गायब होतो. ते गुळगुळीत दिसतं, म्हणून तुम्ही वाचत नाही, गाईडही वाचत नाहीत.

शेवट ‘द रिझल्ट्स आर डिस्कस्ड इन डीटेल’. काम अजून व्हायचं असेल तर ‘विल बी डिस्कस्ड’. कॉन्फरन्सवाले रजिस्ट्रेशन फीची पावती बघतात, क्रियापदाचा काळ बघत नाहीत.

कीवर्ड्स म्हणून टायटलमधलेच पाच शब्द पुन्हा.

पुरे झालं. सर, ‘इम्प्रूव्ह इंग्लिश’ हा शेरा नसतो, ती टाळाटाळ असते. त्या ॲब्स्ट्रॅक्टमध्ये एकही आकडा नाही, हे तुमच्या लक्षात आलं नाही, कारण तुम्ही पहिल्या चार ओळींपुढे गेलाच नाहीत. ‘रिझल्ट कुठे आहे?’ एवढं मराठीतून विचारलं असतं तर पोरगी दहा मिनिटांत लिहून घेऊन आली असती. तुमचा स्वतःचा ॲब्स्ट्रॅक्टही ‘टुडेज एरा’नेच सुरू होतो, आणि तो तिने नमुना म्हणून समोर ठेवला होता.

आणि बाई, तूही ऐक. इंग्लिश येत नाही म्हणून रडत बसू नकोस. ‘वी मेझर्ड नायट्रेट इन 40 वेल्स बिफोर अँड आफ्टर द मॉन्सून. आफ्टर द मॉन्सून, 23 वेल्स एक्सीडेड 45 मिलिग्रॅम्स पर लिटर.’ यातला कुठला शब्द तुला येत नाही? दोन वर्षं बाटल्या वाहिल्यास त्या लपवायला का? ती जागतिकीकरणाची चार वाक्यं आत्ता खोड. खोडलीस? आता 23 लिही.